वरच्या खोलीची बाटली

त्या दवाखान्यात डॉक्टरांची खरी नावं फक्त दारावरच्या पाट्यांवर उरली होती. घशातून नळी घालून पोटात डोकावतात ते नळीवाले डॉक्टर. पोटातून काढलेला तुकडा काचेवर पसरून बघतात ते भिंगवाले. आणि कापाकापी करतात ते कात्रीवाले. नळीच्या खोलीत बावीस वर्षं बाटल्यांवर नावं लिहिणाऱ्या सिस्टरला सगळे पाठीमागे लेबलसिस्टर म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती. तिला मात्र हे नाव ठाऊक होतं, आणि मनातून ते तिला आवडतही होतं.

खोड घरापर्यंत गेली होती. फ्रिजमधल्या प्रत्येक वाटीवर तारीख. नवऱ्याच्या दोन चष्म्यांच्या घरांवर 'जवळचा' आणि 'लांबचा'. मुलाच्या कपाटात एकदा तिला त्याच्या मैत्रिणीची पत्रं सापडली, तर तिनं आरडाओरडा काही केला नाही. गठ्ठ्याला दोरा बांधला आणि वर चिकटवलं, 'वाचली'. मुलानं आठवड्याभरात लग्नाचा विषय काढला.

आणि अशा बाईच्याच घरी तो अपघात घडावा! सहा वर्षांपूर्वी होणाऱ्या सुनेचे आईवडील पहिल्यांदा घरी आले होते. होणाऱ्या विहीणबाई बैठकीत दोन मिनिटं बसल्या असतील नसतील, लगेच "मी पण हात लावते" म्हणत स्वयंपाकघरात शिरल्या. डबे पुसते, कप विसळते, असं त्यांचं चाललं होतं. चहा बाहेर आला, सात जणांनी एकदम घोट घेतला आणि सातही चेहरे आंबले. 'साखर' असं ठसठशीत लिहिलेल्या डब्यात मीठ निघालं. विहीणबाईंनी कप बशीत ठेवला, तोंड पुसलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, "लेबल मात्र सुरेख आहे हो."

ते वाक्य त्यांनी पुढं सहा वर्षं वापरलं. बारशाला वापरलं, आजारपणात वापरलं, फोनवर वापरलं. सिस्टरनं काहीही करून वाढलं, की पहिला घास घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "साखरच ना ही? नाही, लेबल मात्र सुरेख आहे." एक नावं लिहिणारी आणि दुसरी नावं ठेवणारी, असा हा विहिणींचा जोडा होता. सिस्टर जळफळायची. पण त्याहून वाईट म्हणजे तिला स्वतःवरच शंका यायची. डबा आपणच भरला असणार, दुसरं कोण भरणार? तेव्हापासून ती दवाखान्यात प्रत्येक लेबल लिहून झाल्यावर पुन्हा मोठ्यानं वाचायची आणि बाटलीत तुकडे किती तेही त्यावर घालायची. असा नियम कुणी केलेला नव्हता. तिची ती खारट चहाची शिक्षा होती.

तर सहाव्या वर्षी विहीणबाईंना दोन जिने चढले की धाप लागायला लागली. जीभ चुरचुरायची, चेहरा पांढराफटक पडला. रक्त तपासलं तर बी-बारा इतकं कमी, की यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्यांदा तपासलं. पोटात नळी घालून बघायचं ठरलं. विहीणबाईंनी लेकीला बजावलं, "मी येईन, पण ती बाई तिथं नको."

ती बाई तिथं होतीच. विहीणबाई पलंगावर कुशीवर झाल्या, नळी त्यांच्या डोळ्यांसमोर आली आणि त्यांचा हात आपोआप पुढं झाला. त्या हातानं सिस्टरच्या ॲप्रनचं टोक धरलं. आठ मिनिटं नळी आत होती, आठही मिनिटं टोक मुठीत होतं. विहीणबाई उमासे देत होत्या, हलत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नळीवाले डॉक्टर वैतागून "धरा, धरा" म्हणत होते. पोटाच्या वरच्या भागात वाटाण्याएवढी एक गाठ दिसली. त्यांनी गाठीचे तुकडे घेतले, मग आसपासच्या भिंतीचे, वरून तीन आणि खालून दोन. सिस्टरनं लेबलं वाचून दाखवली, "वरची खोली, तुकडे तीन. खालची खोली, तुकडे दोन." नळी बाहेर आली तसा विहीणबाईंनी हात सोडला आणि चुरगळलेलं टोक नीट करायचा प्रयत्न केला.

चार दिवसांनी गाठीचं नाव आलं. जठराची न्यूरोएंडोक्राइन गाठ. नळीवाले म्हणाले, "आमच्याकडे दोन-तीन वर्षांत एखादी येते." सूनबाईनं फक्त एवढंच विचारलं, "म्हणजे कॅन्सर?"

"त्याच घराण्यातली आहे. पण घराण्यातले सगळेच गुंड नसतात." डॉक्टरांनी तिला आणि सिस्टरला समोर बसवलं. "हे बघ, पोटाला वरची मोठी खोली आणि खालची छोटी. वरच्या खोलीत आम्ल तयार होतं. खालच्या खोलीत एक मुकादम बसलेला असतो. आम्ल कमी पडलं की तो ओरडतो, 'आणा, अजून आणा.' काही माणसांचं शरीर स्वतःच वरच्या खोलीचं अस्तर खाऊन टाकतं. मग आम्ल नाही, बी-बारा अंगी लागत नाही, आणि मुकादम ओरडून ओरडून घसा फोडतो. त्या ओरड्यानं वरच्या काही पेशी चेकाळतात आणि अशी गाठ उठते. ही पहिल्या प्रकारची, गरीब स्वभावाची. नळीनंच खुडायची आणि वर्षा-दोन वर्षांनी डोकावत राहायचं."

"आणि दुसरी?"

"दुसरी फारच क्वचित, ती यांची नाही. भीती तिसरीची आहे. वरचं अस्तर ठणठणीत, मुकादम गप्प, आणि तरीही गाठ. बहुतेक वेळा एकटीच. ती पसरते. तिला कात्रीवाल्यांकडे द्यावं लागतं. ते पोटाचा बराचसा भाग काढतात, कधी कधी सगळंच पोट."

"माझ्या आईची गाठ एकटीच आहे," सूनबाई म्हणाली.

"हो. म्हणून वरचं अस्तर शाबूत आहे की गेलंय, ते कळायला हवं. मला ते पातळ वाटलं, पण तुझी आई अशी उसळत होती, की शपथेवर सांगता येणार नाही. बी-बारा कमी आहे, रक्तात मुकादमाचा ओरडाही जोरात आहे, म्हणजे पहिलीच असावी, असं मी म्हटलं असतं. पण..."

हा 'पण' विहीणबाईंच्या पर्समधून निघाला होता. सूनबाईला तिथं ॲसिडिटीच्या गोळ्यांची सात पाकिटं सापडली. डॉक्टरांनी तीनदा विचारलं तेव्हा विहीणबाईंनी तिन्ही वेळा "मी? छे!" म्हटलं होतं. प्रत्यक्षात बाई कित्येक वर्षं त्या गोळ्या पेपरमिंटसारख्या खात होत्या. त्या गोळ्यांनी आम्ल दबतं, मुकादम उगाचच ओरडतो, आणि वर्षानुवर्षं खाल्ल्या तर बी-बारासुद्धा उतरतं. म्हणजे रक्ताची साक्ष बाद. उरल्या त्या भिंतीच्या तुकड्यांच्या दोन बाटल्या.

त्यांचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. सिस्टरनं तो जिन्यातच उघडला. 'दोन्ही बाटल्यांत खालच्या खोलीचंच अस्तर आहे. वरच्या खोलीचा नमुना मिळालेला नाही. लेबल लावताना गफलत झाली असण्याची शक्यता.'

बावीस वर्षांत हा शब्द तिच्या नावापुढं कुणी लिहिला नव्हता. पण खरी भीती त्या शब्दाची नव्हती. कात्रीवाल्यांनी पुढच्या सोमवारची तारीख पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. बाटली खरी असेल, तर वरचं अस्तर ओळखू न येण्याइतकं खराब झालंय आणि विहीणबाईंचं पोट वाचतंय. बाटली खोटी असेल, तर कात्रीवाले ती तारीख पेननं पक्की करायला मोकळे. पुन्हा नळी घालून बघावं, तर विहीणबाईंनी घरी जाहीर करून टाकलं होतं, "एकदा गिळली, बस झालं. झोपवून पोट काढायचं तर काढा, पण त्या नळीचं नाव काढू नका. आणि लेबल लावताना गफलत झाली म्हणता? त्यात नवीन काय आहे?"

हे ऐकून सिस्टर साठवणीच्या खोलीत गेली आणि कापसाच्या खोक्यावर बसली. आपण खरंच चुकलो का? विहीण टेबलावर होती, ॲप्रन खेचला जात होता. मिठाच्या वेळीही आपल्याला खात्रीच होती. तिला रडू आलं, आणि रडताना तिला दिसलं की पोट नसलेली विहीणबाई कशी असेल. दोन चमचे पेज घेईल आणि गप्प बसेल. आपल्या हातच्या कुठल्याच पदार्थाला नावं ठेवणार नाही. हा विचार तिला अजिबात सहन झाला नाही. तिनं डोळे पुसले आणि थेट भिंगवाल्यांची प्रयोगशाळा गाठली.

तिथं आलेले नमुने उतरवून घेताना तुकडे मोजून वहीत लिहितात, हे तिला ठाऊक होतं. तिनं वही उघडायला लावली. पहिली बाटली, तीन. दुसरी बाटली, दोन.

"लेबलवर हेच आहे," ती म्हणाली. "मग दुसऱ्या पेशंटच्या बाटलीशी अदलाबदल झाली कशी?"

भिंगवाले डॉक्टर सज्जन गृहस्थ होते, फक्त माणसांशी बोलताना त्यांना मध्ये काच नसल्याची अडचण व्हायची. त्यांनी भिंगातून डोळा न काढता म्हटलं, "नसेल झाली. मग तुमच्या डॉक्टरांनीच पाचही तुकडे खालच्या खोलीतून घेतले असतील. वरचं कुठलं, खालचं कुठलं, कळलं नसेल घाईत."

सिस्टरच्या डोक्यात काहीतरी चमकलं. तिनं अत्यंत नम्रपणे विचारलं, "असं मी त्यांना सांगू?"

"खुशाल सांगा."

सिस्टरनं सांगितलं. अर्थातच तिखटमीठ लावून सांगितलं, आणि या वेळी मीठ कुठल्या डब्यातलं आहे ते तिला पक्कं माहीत होतं. "ते म्हणाले, तुम्हाला वर आणि खाली यातला फरक कळत नाही. चालायचंच म्हणाले, वय झालं."

नळीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "वय? चोवीस वर्षं मी माणसांच्या पोटात राहतोय! आणि ज्यानं अख्खं पोट कधी पाहिलं नाही, नुसते कपटे पाहिले, तो मला पत्ता सांगणार? त्याच्या कपाटात एक रंग आहे. मुकादमाच्या पेशी त्यानं तपकिरी दिसतात. मुकादम फक्त खालच्या खोलीत राहतो. लाव म्हणावं रंग त्या तीन तुकड्यांना आणि बघ, दिसतो का कुणी!"

"हे मी त्यांना सांगू?"

"सांगाच!"

तो रंग भिंगवाल्यांचा ठेवणीतला होता. एवढीशी कुपी, वर्षातून दोनदा बाहेर निघायची. ती त्यांनी सहजी काढली नसती, हे सिस्टर जाणून होती. म्हणून तिनं निरोपात थोडी भर घातली. "ते म्हणाले, रंगाची कुपी तुम्ही काढणार नाही. तपकिरी ठिपके दिसले नाहीत तर काय घ्या, अशी भीती वाटते म्हणाले. आणि हो, काचही पुसून घ्या म्हणाले."

भिंगवाल्यांनी पहिल्यांदाच भिंगातून डोळा काढला. "असं म्हणाले?"

"मी कशाला मनचं सांगू?" सिस्टर म्हणाली. तिचा चेहरा तेव्हा देवघरातल्या समईसारखा शांत होता.

"लावतो रंग. ठिपके नक्की दिसणार. आणि दिसले की त्यानं सगळ्यांसमोर कबूल करायचं."

"नुसतं कबूल करून काय होणार?" सिस्टरनं सुचवलं. "जो हरेल त्यानं महिनाभर माझ्या बाटल्यांची लेबलं लिहायची." दोन्हीकडे फोन झाले आणि पैज लागली. दवाखान्यात ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचली, कारण सिस्टरनंच ती पोचवली.

दोन दिवसांनी दुपारी तिघं प्रयोगशाळेत जमले. दोघांना एकाच वेळी बघता येईल असं भिंग होतं, दोन्ही बाजूंनी दोन डॉक्टर डोळे लावून बसले. सिस्टर मध्ये उभी राहिली. तिचे हात ॲप्रनच्या खिशात होते. आता काड्या टाकून काही होणार नव्हतं. काचेवर जे असेल ते असणार होतं.

आधी दोन तुकड्यांची काच लागली. "हे बघा मुकादम," भिंगवाले म्हणाले. "रांगच्या रांग बसलीय. रंग चांगला चढलाय." मग तीन तुकड्यांची काच आली. त्यांनी ती डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली. भिंगाची ताकद वाढवली. मग खरोखरच रुमाल काढून काच पुसली आणि पुन्हा बघितलं.

"सिस्टर, तुम्ही बसा," ते म्हणाले.

ती बसली.

"दिसला का एखादा?" नळीवाल्यांनी विचारलं.

"एकही नाही." भिंगवाले हळूहळू बोलत होते. "म्हणजे हे अस्तर खालच्या खोलीचं नाहीच. वरचंच आहे. आम्लाच्या ग्रंथी साफ गेल्यात, आणि मागं जे उरलंय ते हुबेहूब खालच्यासारखं दिसायला लागलंय. वेषांतर केलंय लेकाच्यानं. आणि मी फसलो." त्यांनी दुसरी एक काच लावली, वेगळ्या रंगाची. "या बघा चेकाळलेल्या पेशी, पुंजके करून बसल्यात. पहिला प्रकार. अगदी पुस्तकातला." मग ते सिस्टरकडे वळले. मध्ये काच नव्हती, तरी त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुमची बाटली खरं बोलत होती. खोटं बोलत होतं ते पोट."

सिस्टरनं या क्षणासाठी दोन दिवस टोमणे घोळवून ठेवले होते, एकापेक्षा एक सरस. त्यातला एकही आठवेना. तिनं विचारलं, "म्हणजे पोट राहतंय ना?"

"राहतंय," दोघं एकदम म्हणाले, आणि एकदम बोललो म्हणून दोघांनाही राग आला.

कात्रीवाल्यांनी सोमवारची तारीख खोडरबरानं पुसली. नवा रिपोर्ट आला त्यात 'गफलत' हा शब्द नव्हता, सिस्टरनं समोर बसून तो काढायला लावला होता. भिंगवाल्यांनी पैज पाळली. पहिल्या दिवशी त्यांनी अकरा लेबलं लिहिली, त्यातली नऊ सिस्टरनं परत पाठवली, कारण अक्षर कुणाच्या बापाला वाचता येत नव्हतं.

विहीणबाईंकडे ही बातमी घेऊन सिस्टर स्वतः गेली. "पोट राहतंय," ती दारातच म्हणाली. "पण गाठ खुडायला नळी परत गिळावी लागणार. या वेळी गुंगी देऊ, कळणार नाही. आणि त्या गोळ्या आता बंद. तुमच्या पोटात मुळात आम्लच नाही, तुम्ही दाबत काय होता?"

विहीणबाई म्हणाल्या, "बाटलीमुळं कळलं म्हणे."

"बाटलीमुळं."

"लेबल मात्र..." त्यांनी सुरुवात केली आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच वाक्य अर्धं सोडून पाणी आणायला आत गेल्या.

गाठ निघाली. गुंगी चढायच्या आधी विहीणबाईंनी न विचारता ॲप्रनचं टोक धरलं, आणि सिस्टरनं ते आधीच त्यांच्या हाताशी आणून ठेवलं होतं. खुडलेली गाठ बाटलीत पडली. सिस्टरनं लेबल मोठ्यानं वाचलं, "वरची खोली, गाठ एक," आणि बाटली रवाना केली. गाठ पूर्ण निघाल्याचं पुढच्या आठवड्यात कळलं.

त्यानंतर दोन दिवसांनी सूनबाई माहेरी जाऊन आली, ती हातात एक डबा घेऊन. "आईनं तुमच्यासाठी दिलाय. मला उघडू दिला नाही. म्हणाली, त्यांनाच दे."

स्टीलचा साधा डबा होता. त्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती, जरा वाकडी, कडेला डिंक ओघळलेला. आयुष्यात पहिल्यांदाच लेबल लावणाऱ्या माणसाचं काम दिसत होतं. सिस्टरनं स्वतःचा चष्मा काढून हाताला लागला तो 'जवळचा' घातला, तो नवऱ्याचा निघाला, तरी तसाच ठेवला. पट्टीवर लिहिलं होतं:

'साखर. त्या दिवशी तुमचा डबा मी भरला होता, घाईत पिशवी चुकली. लाज वाटली म्हणून सहा वर्षं पोटात ठेवलं.'

सिस्टर ओट्याला टेकून उभी राहिली. दोन वेळा नळी आत गेली, भिंतीचे पाच तुकडे निघाले, दोन रंग चढले, दोन डॉक्टर भांडले, आणि त्या पोटात इतकी वर्षं काय बसलं होतं ते कुणाला म्हणून दिसलं नव्हतं. तिला खूप हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले, आणि सूनबाई घाबरून "आई, काय झालं?" विचारू लागली.

"काही नाही गं. चहा टाक."

सूनबाईनं आधण ठेवलं. सिस्टरनं लेबल पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं, झाकण उघडलं, चिमूटभर काढून जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

साखरच होती.